धावत्या दमणीचा फोटो

लढाई सुरू झाल्यापासून रिळं मिळेनाशी झाली आहेत. कॅमेरा कपाटात आहे. त्याच्या चामडी भात्याला बुरशी लागू नये म्हणून अधूनमधून बाहेर काढते, वारा लागू देते, पुसते आणि परत ठेवते. रीळ नसलेला कॅमेरा म्हणजे दाणे नसलेलं जातं. पण म्हणून जातं कोणी उकिरड्यावर टाकत नाही. हात रिकामे आहेत तोवर एका फोटोची हकीकत लिहून ठेवते, कारण तो फोटो आता माझ्याजवळ नाही.

कॅमेरा आमच्या घरी आला तो टेबलाच्या खणातून. आमचे हे बुलढाण्याच्या कचेरीत. एखाद्या साहेबाची बदली झाली की बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा आणि हे हटकून काहीतरी घेऊन यायचे. एकदा तडा गेलेली बरणी, एकदा पाऊस मोजायचं नळकांडं. टेबल आणलं तेव्हा मी म्हटलं, चला, हे तरी कामाचं. पुसायला घेतलं तर मागच्या खणात घडीचा कॅमेरा आणि त्याचं माहितीचं पुस्तक. हे इमानानं परत द्यायला गेले. साहेब म्हणाला, त्याची झडप अडकते, ठेवून घ्या, मुलांना खेळायला होईल.

मुलांना मी हात लावू दिला नाही. झडप अडकत होती ती धुळीनं. पारव्याचं पीस स्पिरिटात बुडवून ती साफ केली तेव्हा टक्कन उघडली आणि टक्कन मिटली. पुस्तक इंग्रजीत होतं, ते ह्यांनी वाचून मराठीत सांगितलं. रीळ धुवायला कोठीच्या खिडकीला लाल कापडाची दुहेरी घडी ठोकली. औषधाच्या बशीतून रीळ दोन्ही टोकांना धरून खालीवर करायचं असतं. ज्या बाईनं शेवया वाळत घातल्या आहेत तिला ते शिकवावं लागत नाही.

पहिल्यांदा नातेवाइकांचे फोटो काढले. त्याचा लवकरच कंटाळा आला. आमच्याकडे फोटो म्हटला की माणूस श्वास कोंडून खांबासारखा उभा राहतो, आणि खांबांचे फोटो किती काढायचे? शिवाय माझा विचार सरळ होता. जे जागचं हलत नाही ते उद्याही तिथंच असतं. त्यावर रीळ कशाला घालवायचं? जे निघून जाणार आहे त्याचा फोटो काढावा.

म्हणून मी मलकापूरहून येणारी मोटार काढायची ठरवलं. राजूर घाटाच्या वळणावर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर ओळखीचा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "बाई, थांबवू काय फोटोसाठी?"

"थांबवू नको. जोरात आण."

"घाट चढताना जोरात? बाई, मोटार हाये, वानर नाही."

मोटार आपल्या चालीनं वर गेली. रीळ धुतलं तर काचेवर ओलं बोट फिरवल्यासारखा एक पट्टा. हे म्हणाले, "छान आहे. धुराचा फोटो ना?" पुढे रोहिणखेडला एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या जुन्या मशिदीवर पारव्यांचा मोठा थवा बसतो. तो उडाला तेव्हा मी झडप दाबली. फोटोत भिंत एकदम स्वच्छ आली आणि पारव्यांच्या जागी कोणीतरी तीळ सांडल्यासारखं दिसलं. भिंत तिथं कित्येक पिढ्या आहे. मला भिंत नको होती.

अडचण दुहेरी होती. एक तर कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मोटार डावीकडे चालली की काचेत ती उजवीकडे पळते, आणि हात गोंधळतो. दुसरं, पुस्तकात लिहिलं होतं की पळणाऱ्या गोष्टीला झडप सगळ्यात वेगानं सोडा. ती सोडली तर उजेड पुरत नव्हता. फोटो काजळीसारखा काळा यायचा.

ही अडचण सुटली आमच्या शेतावर. ह्यांचं घर धाडजवळच्या खेड्यात. तिथं थोरले दीर शेती बघतात. सुट्टीत आम्ही तिथं जात असू, आणि मी कॅमेरा घेऊन हरणांच्या मागं. चालत गेलं की हरणं पळतात. बैलगाडीला मात्र ती भीत नाहीत, मान वर करतात आणि पुन्हा चरतात. त्यामुळे मला दमणी, म्हणजे घरची बसायची हलकी बैलगाडी, लागायची, आणि दमणी म्हटली की दिरांची थोरली मुलगी.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. लहानपणी खळ्यावर खेळताना तिच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. हाडं जुळली, पण पाऊल आत वळून राहिलं. चालताना ती त्या बाजूला लचकायची. शेतात जायचं तर चालून वेळ लागे, म्हणून तिनं बैलांचा कासरा हातात घेतला, आणि एकदा घेतला तो सोडला नाही. घराला मोठा मुलगा नव्हता, दिरांनी होऊ दिलं. गावातल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या जातीनं दमणी हाकावी काय? थोरल्या जाऊबाई त्यांना म्हणायच्या, तुमच्या घरचे पोट्टे तरी कुठं सरळ हाकतात? आणि घरात येऊन मुलीला रागवायच्या.

तर एका सकाळी ती आणि मी हरणांच्या मागं होतो. एक काळवीट ज्वारीच्या बांधाकडून उसळला. मी काचेत बघत बसले आणि तो निघून गेला.

"काकू, तू त्या डबीत काय पाहून राह्यली? हरीण तर बाहेर हाये."

बोलणं खोचक होतं, पण बरोबर होतं. त्याच वेळी शेजारच्या शेतात माचावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत होती, आणि मला माझं माहेर आठवलं. मीही पाखरं राखलेली आहेत. गोफण फिरवताना आपण हाताकडे बघत नाही आणि एका जागी खिळून राहत नाही; डोळा पाखरावर, कंबर पाखराबरोबर वळत जाते आणि हात आपोआप सुटतो. मी काचेत बघणं सोडलं. कॅमेरा पोटाशी घट्ट धरला. पुढचा काळवीट उठला तशी त्याच्याबरोबर कमरेतून वळत गेले आणि वळता वळताच झडप सोडली, तीही फार वेगात नाही.

त्या फोटोत काळविटाचं अंग स्वच्छ आलं होतं, शिंगांचे पीळसुद्धा. पायांच्या जागी धूसर रेघा, आणि मागची ज्वारी कंगव्यानं विंचरल्यासारखी आडवी झालेली. ह्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "मागची जमीन कुठं गेली?"

"जमीन पळाली. हरीण थांबलं."

त्यानंतर वर्षभर मी पळणाऱ्या सगळ्या गोष्टी काढल्या. मोटार काढली, आणि ड्रायव्हरनं तो फोटो काचेमागं लावला. वाऱ्यानं वाकलेलं गवत, टेकडीवरून सरकणारी ढगांची सावली. काही बिघडले, काही जमले. घरचे लोक म्हणायचे, हिला वेड लागलंय. पण पोळ्याला आपल्या बैलजोडीचा फोटो काढायला मलाच बोलवायचे.

पुतणीला स्थळ आलं ते त्याच सुमाराला. मुलगा घाटाखालचा, खामगावजवळचा. घरी शेती, आणि तो स्वतः सरकी काढायच्या जिनात इंजिनावर मिस्त्री. मध्यस्थ होते दिरांचे दूरचे मेहुणे. कापडाच्या धंद्यापायी ते दर बाजाराला धाडला यायचे. मुलाकडच्यांचं म्हणणं असं की घाट चढून येण्याआधी एक फोटो पाठवा. पसंत पडला तर येऊ.

मला निरोप आला. मी कॅमेरा घेऊन गेले. जाऊबाईंनी अंगणात खुर्ची मांडली होती, मुलीला जरीचं लुगडं नेसवलं होतं, आणि हातात स्वतःच्या लग्नातली शाल धरून उभ्या होत्या.

"पाय दिसले नाई पायजे," त्या म्हणाल्या.

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हणून काय विचारतं? तुले मालूम नाई काय?"

"अन् पाहाले येतीन तेव्हा?"

"तेव्हा आधीच बसवून ठेवू तिले पाटावर. उठवाचंच नाई."

"चालून दाखव म्हणतीन तर?"

"म्हणू, परवाच मुरगळला."

"अन् सप्तपदीले?"

जाऊबाईंनी पदर सारखा केला. "तोवर अक्षता पडल्या असतात. मंग कोण मांडव सोडून जाते?"

मुलगी खुर्चीतून म्हणाली, "आई, सात पावलं मी दमणीतूनच घालीन. मुरगळला म्हणून सांग."

"तोंड आवर, पोट्टे!" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ह्या कचेरीवाल्या काकूनं तुले डोक्यावर चढवलं."

मुलगी त्यांची, स्थळ त्यांनी शोधलेलं. मी माझं मत सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा मी फोटो काढून दिला. शाल गुडघ्यांपासून जमिनीपर्यंत नीट पसरलेली. नाकात नथ, गळ्यात पुतळ्या, हातभर बांगड्या. मुलगी खुर्चीला ठोकल्यासारखी बसली होती. स्पष्ट, स्वच्छ फोटो आला. मध्यस्थ मामा तो घेऊन गेले.

पुढच्या बाजाराला मी गावातच होते. मामा आले ते ओसरीवर टेकले नाहीत, पाणीही घेतलं नाही. दिरांना म्हणाले, "पाहुणे विचारून राह्यले, पोरीच्या पायावर कोड हाये काय?"

 दीर म्हणाले, "कोड? कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाई. फोटोनं सांगितलं. मुलाच्या आत्यानं फोटो हातात घेतला अन् म्हणाली, नथ दाखवली, पुतळ्या दाखवल्या, बांगड्या दाखवल्या, अन् पायातले वाळे काऊन झाकले? बसलेल्या पोरीच्या फोटोत वाळे दाखवाची रीत हाये. म्हणजे लपवाची गोष्ट पायावर असन."

जाऊबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. लंगड्या मुलीला कमी-जास्त पाहून स्थळ मिळतं. ज्या घराला कोडाचं नाव लागलं त्या घराकडे मात्र कोणी फिरकत नाही. धाकट्या बहिणींकडे नाही, चुलत बहिणींकडे नाही. आणि चुलत बहिणींत माझीही एक मुलगी होती. एका शालीनं केवढं काम केलं होतं! घाटाखाली बोलणं सुरू झालं की ते महिन्याच्या आत घाटावर येतं. हे स्थळ गेलं असतं तर गेलं असतं. कोडाचं नाव गेलं नसतं.

"शपथ घेतो म्हणावं, देवाच्या पायरीवर," दीर म्हणाले.

"शपथेचं काय? ज्याले लपवाचं असते तो दोन शपथा घेते," मामा म्हणाले. "घाटाखालचे लोक हायेत ते. डोळ्यानं पाह्यल्याशिवाय मानत नाईत."

"मंग डोळ्यानं पाहू द्या," मी म्हटलं. "पाय दाखवू."

जाऊबाईंनी मान वर केली. "तो पाय?"

"तोच. वाकडा हाये तर वाकडा दिसन. डाग नाई तर डाग दिसणार नाई."

"माय वो! कोड नाई म्हणून लंगडी दाखवू?"

"लपवलं तर दोन्ही लागलं आपल्याले."

मी सांगितलं, एक पाटाचा फोटो काढू, पाऊल पुढे ठेवून, उन्हात. तेवढ्यात आतून मुलगी आली. सगळं तिनं ऐकलंच होतं; घर केवढंसं. ती माझ्यासमोर उभी राहिली, नेहमीप्रमाणे उजव्या पायावर भार देऊन.

"काकू, पाटावरचा पाय काढू नको. पाटावर ठेवल्यावर तो नुसता वाकडा पायच दिसन, मी दिसणारच नाई. काढायचाच असन तर त्या पायानं मी काय करते ते काढ."

"गप बस," जाऊबाई म्हणाल्या.

"बसलीच तर होती मी, आई. तुम्हीच बसवलं होतं. जन्मभर बसवूनच ठेवाल काय मले?"

 दीर उठले. आधी मला वाटलं, ते रागानं बाहेर चाललेत. ते गोठ्यात गेले आणि थोरली जोडी सोडून आणली, जिला ते एरवी कोणाला हात लावू देत नसत. दमणी काढली, जू चढवलं. मग मुलीला म्हणाले, "नाल्याकडच्या वाटेनं ने. तिथं सरळ हाये."

रिळात दोनच फोटो उरले होते. आणि अडचण अशी की हाकताना ती डावं पाऊल धुरीवर, गाडीच्या पुढच्या दांड्यावर रोवते, तर डावी बाजू माझ्याकडे यायला हवी. म्हणजे दमणी माझ्या उजवीकडून डावीकडे गेली पाहिजे. मला सवय उलटीकडून वळायची. मी बांधावर उभी राहिले, दोन-तीनदा रिकामंच वळून पाहिलं. नांगरत असलेला एक गडी थांबून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

पहिल्या फेरीला मी झडप लवकर सोडली. दमणी पुढे गेली तेव्हाच मला कळलं होतं. मी हात वर करून ओरडले, "परत! अन् आणखी जोरात!"

"अजून जोरात? तुझा कॅमेरा पडन बांधावरून!" ती ओरडली आणि वळवून घेतली.

दुसऱ्या फेरीला मी कॅमेऱ्याचा विचार केला नाही. दमणी येताना दिसली, बैलांच्या माना खाली, चाकांमागं धूळ. मी तिच्या पावलावर डोळा ठेवला आणि वळत गेले. झडप कधी सुटली ते कळलं नाही. रीळ संपलं होतं. आता जे होतं ते डब्यात होतं.

मामांना मी बुलढाण्याला बरोबर घेऊन आले.  दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कापडाच्या कोठीत रीळ धुतलं. पहिल्या फोटोत बैल होते, अर्धं चाक होतं, मुलगी नव्हती. दुसरा वाळेपर्यंत धीर धरला आणि मग कागदासकट चौकटीत घालून उन्हात छापायला लावला. हे आणि मामा चौकटीवर वाकून उभे. त्यांच्या डोक्यांची सावली पडायला लागली तशी दोघांना बाजूला व्हायला सांगितलं.

कागद काढला. बाभळी मागं आडव्या पुसल्या गेलेल्या. बैलांचे पाय एकमेकांत मिसळलेले. चाकाचे आरे नाहीसे होऊन धुक्याची तबकडी झालेली. आणि मधे मुलगी. पदर खोचलेला, कासरा ताणलेला, तोंड उघडं, आणि डावं पाऊल धुरीवर घट्ट रोवलेलं. बोटं आत वळलेली दिसत होती. वाळा घोट्याच्या वर सरकला होता. खाली कातडी एकसारखी सावळी, डाग नाही की चट्टा नाही.

हे म्हणाले, "स्थळाला हा पाठवणार? बोंबलते आहे ती."

"बैलांवर बोंबलते आहे."

"ते त्यांना कसं कळणार?"

"सासरी आली की कळेल," मामा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

जाऊबाईंना दाखवायला मी त्याची दुसरी प्रत काढली. त्यांनी ती दारातल्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता रडतील. "तोंड तरी मिटाचं होतं मेलीनं," एवढंच म्हणाल्या. प्रत मात्र परत दिली नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि ती आत्या. आत्या म्हणजे उंच, हाडापेरानं मोठी बाई, बोलायला चोख. चहा व्हायच्या आत तिनं मुलीला जवळ बसवलं, डावं पाऊल मांडीवर घेतलं, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि घासून पाहिलं. रंग लावला आहे की काय ते तिला बघायचं होतं. पदर स्वच्छ निघाला. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा पिळला.

"आता चाल, पोरी. तुळशीपर्यंत."

मुलगी उठली. ओसरीपासून तुळशीपर्यंत गेली, लचकत, जशी रोज जाते.  परत आली आणि कोणी न सांगता उभीच राहिली. जाऊबाई चुलीपुढे होत्या. तिथून त्यांनी एकदाही मान वळवली नाही, आणि पोळी करपली.

मुलगा माझ्याकडे वळला. तो सडपातळ होता, नखांत तेलाचं काळं. "काकू, एक विचारू? चाकाचे आरे पुसल्या गेले अन् पाय साफ राह्यला, हे कसं?"

मी सांगितलं. पाय आणि दमणी एका चालीनं पुढे चालली होती, मीही त्याच चालीनं वळत होते. आरे मात्र आपल्याच भोवती फिरत होते.

"म्हणजे तुम्ही दमणीसंगं फिरल्या." त्यानं बोटानं हवेत चाक फिरवलं. "आमच्या इंजिनाच्या चाकाचं येईन काय असं?"

"बे, तुले पोरगी पाहाले आणलं का कॅमेरा पाहाले?" त्याचे वडील म्हणाले.

"पोरगी फोटोत पाह्यली. आता दमणी पाहाची हाये," मुलगा म्हणाला.

दमणी जोडली. मुलगा बसला, आणि आत्याही चढून बसली. तिला कोणी नको म्हणायला गेलं नाही. पुतणीनं कासरा घेतला, पाऊल धुरीवर ठेवलं आणि निघाली. सावकाश नेईल असं मला वाटलं होतं. तिनं नेली नाही. नाल्यापर्यंत धूळ दिसत होती आणि मधूनच आत्याचा आवाज ऐकू येत होता. परत आले तेव्हा आत्याचा अंबाडा सुटलेला.

"हे पोट्टी एखाद दिवशी माणूस मारन," ती उतरता उतरता म्हणाली. मग अंबाडा बांधत इकडेतिकडे पाहिलं. "अन् पायावर शाल टाकाचं डोकं कोणाचं होतं वो?"

सगळे जाऊबाईंकडे बघू लागले. जाऊबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं. फोटो तिनंच काढला."

मी काही बोलले नाही. त्या दिवशी माझ्या पानात तूप सगळ्यांपेक्षा जास्त होतं.

पाहुणे होकार देऊन गेले नाहीत. घरी विचार करून कळवतो म्हणाले. आमच्याकडे पद्धत अशी की नकार असला तर तो तोंडानं देत नाहीत, फोटो परत पाठवतात. फोटो परत आला की समजून घ्यायचं. त्यामुळे पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा वाटेनं येताना दिसले आणि त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी दिसलं तेव्हा जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. दीर गोठ्याकडे निघून गेले. मुलगी धान्य निवडत होती. तिनं सुपातून नजर काढली नाही, पण तिचा हात थांबला.

मामांनी कागद सोडला. आत शालीचा फोटो होता.

"हा तुमचा तुमच्यापाशी ठेवा म्हणे," मामा म्हणाले. "आत्याबाई म्हणतात, ही पोरगी आम्ही पाह्यलीच नाई, हिचं आम्ही काय करू? अन् दुसरा मागाचा नाई. तो पोट्ट्यानं जिनात नेला, इंजिनाच्या खोलीत टांगला. मालक हसते म्हणतात, पण पोट्टा काढू देत नाई."

जाऊबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी आधी मुलीच्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडल्या. मी दिरांना गोठ्यातून बोलवायला गेले. ते थोरल्या जोडीच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. मी म्हटलं, "भाऊजी, फोटो आला, पण चुकीचा आला." ते काहीच न कळून माझ्याकडे बघत राहिले.

जाऊबाईंजवळची प्रत लग्नाच्या रुखवतात ठेवली होती. ती आत्यानं उचलली. ती आता तिच्या घरी आहे. मूळ फिल्म मी पुतणीला देऊन टाकली. म्हणून म्हटलं, तो फोटो माझ्याजवळ नाही.

सप्तपदीचा मात्र माझ्याजवळ आहे. मांडवात उजेड कमी होता, भटजी घाई करत होते, आणि कोणीतरी सवयीनं ओरडलं, "हलू नका, काकू फोटो काढून राह्यल्या!" पुतणी म्हणाली, "हलल्याशिवाय सात पावलं कशी होतीन?" आणि पुढे निघाली. सातांपैकी कितवं पाऊल आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. चेहरा हलला आहे, लुगड्याचा काठ हलला आहे, नवऱ्याचा पुढे केलेला हात तेवढा स्थिर आहे. बिघडलेले फोटो मी ठेवत नाही. हा ठेवला.

जिनातल्या इंजिनाच्या चाकाचा फोटो काढायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. रिळं मिळू लागली की खामगावला जाईन. पुतणीचा मुलगा आता चालायला लागला आहे. त्याला म्हणे कोणी एका जागी धरू शकत नाही. बरंच आहे. मला वळायची सवय आहे.